बैठकीतला ५५ इंची टीव्ही झाकायचाय : साधी दारं, सरकती दारं की लिफ्ट?

सुरसागरकाठ

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला जुनं घर, तळमजल्यावरची बैठक. टीव्हीची भिंत ११ फूट रुंद, मधे खिडकी-दार काही नाही. भिंत विटा-चुन्याची, १४ इंच जाड. पावसाळ्यात खालच्या दोनेक फुटांत ओल चढते. समोर ९ फुटांवर सोफा आणि मधे झोपाळा. झोपाळा स्थिर असताना भिंतीपासून साडेपाच फुटांवर असतो.

टीव्ही ५५ इंची. बंद असताना तो काळा चौकोन नजरेसमोर नको आहे. शिवाय गणपतीत याच भिंतीपुढे मखर असतं, तेव्हा तर झाकलेलाच हवा. मिस्त्रींनी तीन पर्याय सांगितलेत : दोन साध्या दारांचं कपाट, दारं उघडून बाजूने आत ढकलायची अशी रचना, किंवा खालच्या पेटीतून मोटरवर वर येणारी लिफ्ट. घरात एक जुनं सागवानी कपाटही आहे, बाहेरून ४ फूट रुंद आणि २० इंच खोल. त्यात टीव्ही बसवता येईल का? कोणता पर्याय घ्यावा आणि मापं काय ठेवावीत?

रंधा

टीव्ही झाकणं अवघड नाही. उघडलेली दारं कुठे जाणार, हे आधी ठरवा. तिथेच बहुतेक युनिटं फसतात.

५५ इंच हा कर्ण झाला. अंगाने टीव्ही साधारण १२३ सेंमी रुंद आणि ७१ सेंमी उंच असतो. चारही बाजूंना १० सेंमी हवा सोडली की आतली जागा १४३ × ९१. म्हणजे दोन दारं केली तर प्रत्येक दार पाऊण मीटरच्या आसपास. आता तुमचे तिन्ही पर्याय या मापावर ताडून बघा.

साधी दारं : उघडल्यावर पेटीच्या खोलीसकट भिंतीपासून सुमारे ९४ सेंमी पुढे येतात. झोपाळा १६८ वर. मधे उरले ७४, त्यात झोका घेणाऱ्याचे पाय येणार. शिवाय नेहमीची बिजागरी १०५–११० अंशांतच अडते, त्यामुळे बाजूला बसलेल्याला अर्धा पडदा दिसत नाही. १६५ अंशांची बिजागरी मिळते, पण ती लावूनही उघडताना दार झोपाळ्याच्या वाटेत येतंच.

आत ढकलायची दारं : ही कल्पना जुन्या जाडजूड टीव्हीच्या काळातली. तेव्हा कपाट दोन फूट खोल असायचंच, दार त्यात मावायचं. आता ७२ सेंमीचं दार आत घालायला ७५ सेंमी खोल कपाट करायचं, आणि आत टीव्ही ७ सेंमी जाडीचा! दार मधे मोडून घडीचं केलं तर ४० सेंमीत जमतं, पण त्या हार्डवेअरची जुळणी हलत राहते.

लिफ्ट : ७१ सेंमीचा टीव्ही लपवायला पेटी ८८–९० सेंमी उंच लागते. टीव्ही तिच्या वर आला की त्याचा मध्य जमिनीपासून १३० वर जातो. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे असतात १००–१०५ वर. रोज मान वर करून बघावं लागेल. पलंगाच्या पायथ्याशी लिफ्ट शोभते, बैठकीत नाही.

तुमच्याकडे ११ फूट मोकळी भिंत आहे, म्हणून वरून टांगलेली सरकती दारं घ्या. मधे टीव्हीची पेटी, दोन्ही बाजूंना त्याच उंचीचे उथळ कोनाडे. दारं मधे आणली की टीव्ही झाकला आणि कोनाडे उघडे. बाजूला सारली की टीव्ही उघडा आणि कोनाडे झाकले. हिशोब असा : उघडी जागा १४३, दोन्ही बाजूंना दार कडेवर अडीच-अडीच सेंमी चढायला हवं, म्हणून प्रत्येक दार ७४ × ९५. एकूण लांबी १४३ + ७४ + ७४ = २९१ सेंमी, म्हणजे ९ फूट ७ इंचांच्या आत. भिंत ३३५ आहे, दोन्हीकडे २२-२२ सेंमी शिल्लक.

उंची : खालचं युनिट ५२ सेंमी, पेटीची आतली तळफळी ६० वर. टीव्ही ७० ते १४१ मधे येतो, मध्य १०५ वर.

दारांना १९ मिमी ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड), प्लाय नको. दार सरळ राहतं. बाहेरून १ मिमी सनमायका लावणार असाल तर आतूनही ०.८ चा लावाच. एकाच बाजूला लावला की पहिल्या पावसाळ्यात दार पापडासारखं वळतं आणि मधल्या जोडाला दोन-तीन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट दिसायला लागते. असं एक दार साधारण १० किलोचं होतं, तेव्हा ४० किलोचा रोलर सेट निवांत चालतो. ट्रॅक ३ मीटरची अखंड पट्टी घ्या. जोडलेल्या ट्रॅकवर चाक दर वेळी त्या जागी टक्क वाजतं.

ट्रॅक ज्या पट्टीला लागतो ती १८ मिमी प्लाय दुहेरी करून ३६ ची करा. प्लाय ८ फुटीच येतो, म्हणजे जोड येणारच. दोन्ही थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, निदान फूटभर अंतर ठेवा. आणि स्क्रू प्लायच्या सपाट अंगात जायला हवेत. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थर फाकवतो आणि वर्षभरात दार टेकायला लागतं.

न्यूट्रल

मापं पटली. आता वीज आणि उष्णता, कारण रंगकाम झाल्यावर हे आठवतं आणि मग भिंत फोडावी लागते.

५५ इंची एलईडी टीव्ही चालू असताना साधारण १०० ते १५० वॉट घेतो, त्यातली बहुतेक शेवटी उष्णताच. पेटीच्या तळफळीत मागच्या बाजूला ३ सेंमीची लांब फट आणि वरच्या फळीतही तशीच. खालून थंड हवा येते, वरून गरम निघते. फक्त वर भोकं पाडली तर हवा खेळत नाही. दोन्ही फटींना स्टीलची बारीक जाळी लावा. सेट-टॉप बॉक्सची ऊब पालींना फार आवडते, आणि पाल एकदा बोर्डावर गेली की बॉक्स गेला.

प्लगची जागा चुकू नका. टीव्हीची पाठ वर पातळ आणि खालच्या अर्ध्यात फुगलेली असते. भिंतीलगतच्या ब्रॅकेटवर मागे ३–४ सेंमी उरतात, प्लगचं डोकं मात्र ४–५ सेंमी बाहेर येतं. म्हणून टीव्हीमागे बोर्ड नको. खालच्या युनिटात ६ अँपिअरचे पाच सॉकेट घ्या : टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, वायफाय आणि एक जास्तीचा. तिथून टीव्हीपर्यंत २ इंची पीव्हीसी पाइप. एचडीएमआयचं डोकं दोन सेंमीहून जास्त रुंद असतं, १ इंची पाइपच्या वळणात ते हमखास अडकतं. काटकोनी एल्बो टाळा, ४५ अंशांचे दोन बेंड वापरा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे वायर ओढायला. साधी एचडीएमआय केबल ५ मीटरच्या आत ठेवा.

रिमोट : टीव्हीचा बहुधा ब्लूटूथवर चालेल, पण सेट-टॉप बॉक्सचा इन्फ्रारेड असेल तर बंद लाकडी दारातून तो जात नाही. खालच्या दारात काळपट काच घातली तर किरण आरपार जातात. काच नको असेल तर आयआर रिपीटर लावा, म्हणजे रिमोटचा इन्फ्रारेड किरण बाहेर झेलून आत पोचवणारं यंत्र. त्याचा डोळा बाहेर दिसेल असा बसवायचा आणि दुसऱ्या टोकाचं चिकट बटण बॉक्सच्या सेन्सरवर नेमकं लावायचं. एक सेंमी जरी सरकलं तरी काम करत नाही आणि लोक रिपीटरलाच दोष देतात.

साउंडबारला १० सेंमी उंचीचा उघडा खण द्या, बार पुढच्या कडेला आणून ठेवा. खोल खणात मागे सरकवला की आवाज घुमतो. छताकडे आवाज फेकणारा बार असेल तर तो खणात घालूच नका.

आणखी एक : दार बंद झालं की टीव्हीची वीज तुटेल असा स्विच काही जण सुचवतात. ओएलईडी टीव्हीला हे करू नका. तो रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमधे पडद्याची आपली दुरुस्ती करत असतो, त्यासाठी वीज चालू लागते.

ओळंबा

भिंतीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

चुन्याच्या जुन्या भिंतीत प्लॅस्टिकचा गिट्टा घालून १६–१८ किलोचा टीव्ही टांगू नका. ड्रिल सांध्यात गेलं की आतून नुसती भुकटी येते, गिट्टा हाताने फिरतो. भिंतीने वजन पेलायचंच नाही, असं युनिट करा. १८ मिमी प्लायची पाठ खालच्या युनिटापासून वरच्या पट्टीपर्यंत सलग उभी करा, वजन खाली जमिनीत उतरू द्या. भिंतीने फक्त युनिट पुढे झुकू द्यायचं नाही. त्यासाठी सहा जागी पकड पुरे. भोक विटेच्या मध्यावर घ्या, फुंकून साफ करा आणि जाळीची नळी घालून केमिकल अँकर (बोल्ट धरून घट्ट होणारा चिकट मसाला) भरा. घट्ट व्हायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्या, मिस्त्री घाई करतील तरी.

ब्रॅकेट त्या प्लायला लाकडात मारायच्या स्क्रूने नव्हे, एम-८ (८ मिमी जाड) बोल्टने लावा, मागून टी-नट, म्हणजे प्लायमधे रुतून बसणारा नट. मागून म्हणजे पाठ उभी करायच्या आधीच, नंतर हात जात नाही. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांचं अंतर मोजून घ्या : २००×२००, ३००×३००, ४००×४०० मिमी अशी मापं असतात, बोल्ट एम-६ किंवा एम-८. बोल्ट लांब झाला तर आतला पॅनल फोडतो, तेव्हा जाडीप्रमाणे स्पेसर घाला. पुढे ओढायचा, फिरणारा हात असलेला ब्रॅकेट इथे नको. टीव्ही ४० सेंमी पुढे आला की तेच वजन पाठीला उखडायला बघतं.

ओल चढते म्हणालात. प्लाय भिंतीला टेकवू नका. उभ्या पट्ट्या ठोकून २५ मिमी पोकळी ठेवा, खाली-वर उघडी. आडव्या पट्ट्या मारल्या तर हवा कोंडते आणि तिथेच बुरशी धरते. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय घ्या. साध्या एमआर (थोडाच ओलावा सोसणाऱ्या) प्लायचे थर तुमच्या भिंतीपाशी तीन पावसाळ्यांत सुटतील. भिंतीकडची बाजू आणि कापलेल्या कडा दोन हात प्रायमर मारून बंद करा.

वाळवी, म्हणजे इथल्या मिस्त्रींची उधई, ओल्या भिंतीतून आणि फरशीच्या सांध्यातून येते. युनिट १० सेंमी उंच पीव्हीसी पायांवर उभं करा आणि पुढची पट्टी काढता येईल अशी, नुसती क्लिपवर ठेवा, म्हणजे महिन्यातून एकदा बॅटरी मारून मातीच्या नळ्या दिसतात का ते बघता येईल. खिळ्यांनी कायमची बंद केली की वाळवीला घर मिळालं. औषध फवारायचं ते युनिट उभं करण्याआधी, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात. आणि तळमजला आहे : २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी पुरात कुठवर आली ते बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. सॉकेट खालच्या खणात घेणार असाल तर निदान पाठीच्या वरच्या कडेला घ्या.

जुनं सागवान

कपाटाचं उत्तर आकड्यातच आहे. बाहेरून ४ फूट म्हणजे १२२ सेंमी, टीव्ही १२३. बाजूच्या फळ्यांची जाडी वजा केली की आत ११५ राहतात. ४३ इंची टीव्ही साधारण ९६ रुंद, तो आरामात बसतो. ५० इंची १११–११२, तो कसाबसा, पण बाजूला हवा उरत नाही. ५५ विसरा.

पुढेमागे ४३ चा विचार केलात तर दोन गोष्टी जपा. मागची पाठफळी पूर्ण काढू नका, तीच कपाटाला काटकोनात धरून ठेवते. ती काढली की सहा महिन्यांत दारं एकमेकांवर चढतात. कडेने चार इंच ठेवून मधे खिडकी कापा. आणि मधल्या फळ्यांपैकी जी खाचेत बसलेली आहे ती काढू नका. खुंट्यांवर नुसती ठेवलेली असेल ती काढा. बिजागऱ्या जुन्या पितळी असतील आणि त्यांचा गोल दाराबाहेर दिसत असेल तर दार १८० अंश उघडून बाजूला लागतं. नव्या कप बिजागऱ्या बसवायला त्या सागाला ३५ मिमीचं भोक पाडू नका, प्लीज.

बैठकीत संखेड्याचा झोपाळा किंवा सोफा असेल तर एक सुचवतो. त्या केशरी-सोनेरी लाखकामाशेजारी गडद चकचकीत सनमायका फार भडक दिसतो, शिवाय समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पाडतो. दारांना मॅट, फिका सागरंगी घ्या.

साधंसोपं

एवढा खटाटोप कशाला? टीव्हीच्या वर रोलर ब्लाइंड लावा. दीड मीटर रुंद, वरची पेटी ८–१० सेंमीची, साखळी ओढली की झाकलं. गणपतीत तोच कापडी पडदा मखराची पाठ. किंवा बंद असताना चित्र दाखवणारा टीव्ही घ्या, सॅमसंगचा द फ्रेम २०१७ पासून आहे.

रंधा

भाड्याच्या घरात ब्लाइंडच लावावा. स्वतःच्या घरातही वाईट नाही, फक्त खाली वजनाची पट्टी असलेला घ्या, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने फडफडतो. पण समईमागे कापड मला नको वाटतं. आणि चित्र दाखवणारा टीव्ही चालूच असतो, वीज घेतो. तो झाकलेला नाही, वेश बदललेला आहे.

सुरसागरकाठ

सरकती दारं नक्की करतो. तीन शंका : खालचं युनिट किती खोल ठेवू? त्यावर मूर्ती ठेवता येईल का? आणि माल किती लागेल?

रंधा

खालचं युनिट ४५ सेंमी खोल. वरच्या पेटीची आतली खोली १५ पुरते : टीव्ही ७–८, ब्रॅकेट ४, पुढे थोडी फट. त्यात पाठ, दार आणि ट्रॅकचं अंतर धरलं की भिंतीच्या बाजूने २० सेंमी खातात. म्हणजे खालच्या युनिटावर पुढे २५ सेंमीच मोकळे. फूटभराची मूर्ती पाटासकट त्यावर बसत नाही, अर्धा पाट हवेत राहील. मूर्तीसाठी युनिट ६० खोल करू नका, वर्षाचे उरलेले दिवस ते बैठकीत अडचण करेल. त्याऐवजी ५२ सेंमी उंचीचाच एक चौरंग करून युनिटला चिकटून ठेवा, दोन्ही मिळून सलग ओटा होतो. एरवी तो झोपाळ्याशेजारी चहाचं टेबल म्हणून चालेल.

खालचं युनिट सलग करू नका, १४६ सेंमीचे दोन भाग करा. ८ फुटी प्लायमधून नीट निघतात आणि जुन्या घराच्या वळणाच्या दारातून आत येतात. फरशी क्वचितच सपाट असते, पाय पेचाचे घ्या.

माल : १८ मिमी आयएस ७१० प्लाय ८×४ चे ४ नग, त्यात दोन्ही कोनाडे आणि वाया जाणारं धरलंय. १९ मिमी ब्लॉकबोर्ड १ नग. दारं निघून उरलेल्यातून खालच्या खणांचे दर्शनी भाग काढा. ब्लॉकबोर्डच्या आतल्या पट्ट्या दाराच्या उंचीच्या दिशेत याव्यात, मिस्त्री तुकडा वाचवायला आडवा कापतात. कडांना २ मिमी एज बँडिंग, किंवा जास्त टिकाऊ हवं तर सागाची पाऊण इंची पट्टी. रोलरचे २ सेट, दोन्ही टोकांना सॉफ्ट-क्लोज, तळाला दोन गाइड. गाइड विसरलात तर वाऱ्याने दार झुलून टीव्हीच्या कडेला लागतं.

न्यूट्रल

समईचं राहिलं. खालच्या युनिटाच्या माथ्यावर सनमायका न लावता कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवा, म्हणजे तेल सांडलं किंवा निरांजन कलंडलं तरी डाग आणि जळका फुगवटा येत नाही. समई युनिटावर नको, चौरंगाच्या पुढे जमिनीवर ठेवा, दारापासून निदान दीड फूट. ज्योत बारीक दिसते, पण तिच्या सरळ वर हात धरून बघा म्हणजे कळेल किती उंचीपर्यंत भाजतं. मखराच्या दिव्यांच्या माळा टीव्हीच्या सॉकेटवर जोडू नका. त्यांच्यासाठी कोनाड्यात वेगळा सॉकेट आणि स्वतंत्र स्विच घ्या, रात्री माळा बंद करताना वायफाय बंद होणार नाही.

ओळंबा

कामाचा क्रम मिस्त्रींना लिहून द्या. औषध, मग पाइप आणि वायर, मग पट्ट्या, मग टी-नट घातलेली पाठ. भिंत बंद करण्याआधी मापाची टेप लावून एक फोटो काढा, कोणती वायर कुठून गेली ते नंतर फक्त त्यातच दिसेल. दारं आधी कोरीच टांगा, दोन-तीन दिवस सरकवून बघा, ओळंब्यावर तपासा. मग उतरवून सनमायका लावा. सनमायका लावून टांगली आणि मग लक्षात आलं की एक दार सूतभर खाली आहे, तर रोलरच्या पेचाने तेवढं निघतं. तीन सूत असेल तर पट्टीच तिरकी लागलीय, पेच फिरवत बसू नका, ट्रॅक काढून पुन्हा लावा.